दाऊदभाईंची धूळ

मी नवी गाडी घेतली तेव्हा सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. दाऊदभाई परकारांनी सांत्वन केलं. गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर तळवा ठेवला, मान हलवली आणि म्हणाले, "होईल, सेक्रेटरी, होईल. सहा महिने जाऊ द्या. जरा धूळ बसेल, एखादा रिक्षावाला घासून जाईल, मग बरी दिसेल."

मी हार घालायला वाकलो होतो, तो तसाच वाकून राहिलो.

दाऊदभाई पनवेलचेच. तीस वर्षं मस्कतला एका गॅरेजात डेंटिंग-पेंटिंग केलं आणि निवृत्त होऊन परत आले. तिकडे ते पोचे काढायचे आणि गंजलेली गाडी अशी चकचकीत करून द्यायचे, की मालक स्वतःची गाडी ओळखायचा नाही. इकडे आल्यावर त्यांनी लहान प्रतिकृती करायला घेतल्या. ट्रक, ट्रेलर, रोडरोलर, सगळं तळहातावर मावेल एवढं. आणि प्रत्येक गोष्ट खपल्या उडालेली, गंज चढलेली, चिखल वाळलेली. "तीस वर्षं जुन्याचं नवं केलं," ते म्हणायचे, "आता नव्याचं जुनं करतो. बराबर झालं की नाही?"

आमच्या पनवेल परिसर प्रतिकृती मंडळाचे सभासद अकरा. त्यातले तिघे, आपला नवरा घरी बसून वैताग देतो म्हणून बायकांनी दाखल केलेले. मी सरचिटणीस. का, तर माझ्या घरी प्रिंटर आहे. मी विमानं करतो. स्पर्धेत माझ्या विमानांना आजवर सहभागाची सात प्रमाणपत्रं मिळाली आहेत आणि सातही मीच माझ्या प्रिंटरवर छापली आहेत.

दाऊदभाईंकडे औषधाच्या रिकाम्या बाटल्यांचं एक कपाट होतं. प्रत्येक बाटलीत धूळ आणि वर चिठ्ठी. "जासई, कंटेनर यार्डाबाहेर, मार्च." "कर्नाळा, घाटाचं पहिलं वळण, डावी बाजू." "खारघर" लिहिलेली बाटली मात्र रिकामी होती. मी विचारलं तर म्हणाले, "चार वेळा गेलो. तिकडे धूळ नाही, नुसतं सिमेंट. बिलकुल चव नाही."

एकदा मी त्यांच्याबरोबर जासईला गेलो होतो. यार्डाच्या फाटकापाशी हा सत्तरीचा माणूस उकिडवा बसून दाढीच्या जुन्या ब्रशने जमीन झाडत होता आणि मी, बेलापूरच्या ऑफिसात पंचवीस माणसांच्या रजेच्या अर्जांवर सही करणारा, बाटली धरून उभा. सिक्युरिटीवाला धावत आला.

"चाचा, क्या कर रहे हो?"

"धूळ घेतोय."

"किसको पूछ के?"

"तुमच्याच गेटची आहे. पाहिजे तर अर्धी परत देतो."

त्याने माझ्याकडे बघितलं. ओळखीचं कोणी आसपास नाही याची खात्री करून मी चाचांना ओळखत नसल्यासारखा चेहरा केला. ही माझी सवय जुनी आहे, पुढे उपयोगी पडली.

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा मेधाने, माझ्या बायकोने, चहा टाकला. दाऊदभाई बोलत बोलत स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि शेगडीमागची भिंत बघून थबकले. "माशाल्ला! वहिनी, हा डाग किती वर्षांचा?" मेधाने चहा दिला, बिस्किटं दिली, आणि ते गेल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी रंगारी आला. दाऊदभाईंना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्याच्या मयताची बातमी ऐकल्यासारखा झाला. "वापरलेलं दिसलं पाहिजे हो," एवढंच म्हणाले. हे त्यांचं पालुपद. पेन असो, पायताण असो, जावई असो.

तर आता गेल्या वर्षीच्या प्रदर्शनाबद्दल. ही हकीकत मी आठ महिने कोणालाच सांगितली नव्हती. सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. दोनदा मेधापुढे तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा भाजी काय आणू ते विचारलं.

प्रदर्शन विभागीय होतं. अलिबाग, पेण, उरण, ठाणे, कुठून कुठून प्रवेशिका आल्या होत्या. परीक्षक पुण्याचे. प्रमुख पाहुणे म्हणून एक वजनदार गृहस्थ यायचे कबूल झाले होते. आणि या सगळ्याचा कारभार माझ्याकडे. छातीवर बिल्ला लागला की माणसाच्या मानेत काय फरक पडतो ते त्या दिवशीच्या फोटोंत बघायला मिळतं. मी ते फोटो बघत नाही.

दाऊदभाईंनी त्या वर्षी ट्रक केला नव्हता. काय केलंय ते सांगत नव्हते. चौदा महिने काम चाललं होतं. आदल्या संध्याकाळी चादरीत गुंडाळलेलं काहीतरी रिक्षातून घेऊन आले, हॉलमधल्या कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवलं आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यावर स्केचपेनने लिहिलेली पाटी समोर उभी केली: "मेहरबानी करून हात लावू नये." चादर तशीच ठेवून घरी गेले.

सकाळी मी सर्वांत आधी पोचलो. ती पाटी बघितली. आमच्या छापील पाट्या यायच्या होत्या, सोनेरी किनारीच्या. त्या थाटात हा पुठ्ठा बरा दिसेना. मी काढला. घडी करून खिशात घातला. चादरही काढली, कारण टेबलावर चादर म्हणजे कोणी आजारी असल्यासारखं वाटत होतं. टेबलावर काय आहे ते बघितलं नाही. फोन वाजत होता. प्रमुख पाहुण्यांच्या माणसाचा.

त्यानंतर मी स्टुलावर चढून बॅनर बांधायला लागलो. एका खांद्यावर फोन, तोंडात सुतळी. हॉल झाडणाऱ्या शेवंतामावशी खाली उभ्या.

"सायेब, ये कोपऱ्यातला घर पन पुसू का? लई मळलाय."

"पुसा."

"भितीवर डाग हाय मोठा. फिनेल लावला तर जाईल."

"लावा."

"तुमी जरा बगता काय? मना नाय कलत."

"मावशी, बघायला वेळ आहे का मला? पाहुणे येतायत. सगळं चकाचक पाहिजे, बस."

मावशींनी चकाचक केलं. कामाला त्या चोख आहेत.

दहा वाजता दाऊदभाई आले. नवा कुर्ता घातला होता, म्हणजे चार वेळा धुतलेला. कोपऱ्यात गेले आणि उभे राहिले. मी लांबून हात हलवला. त्यांनी हलवला नाही. जवळ गेलो तेव्हा मी ती प्रतिकृती पहिल्यांदा बघितली. दोन खोल्यांचं कौलारू घर, समोरची भिंत उघडी ठेवलेली, आत सगळं दिसावं म्हणून. लाकडी पेटी, शिवणयंत्र, कोनाडा, काळा टेलिफोन. भिंती पांढऱ्याशुभ्र. फरशी लखलखीत. फिनेलचा वास.

"पुसलं," दाऊदभाई म्हणाले. त्यांनी कामावर कधी वार्निश मारलं नाही. वार्निशखाली धूळ मरते, म्हणायचे. त्यामुळे ओलं फडकं एकदा फिरलं की संपलं.

लोक जमले. हॉलचे मॅनेजर आले, मावशींना बोलावलं आणि सगळ्यांसमोर आवाज चढवला. "कोणी सांगितलं तुला याला हात लावायला? उद्यापासून येऊ नकोस."

मावशींनी माझ्याकडे बघितलं.

आता इथे एखाद्या माणसाने काय करावं हे पाचवीतल्या पोरालाही कळेल. मी बिल्ला सरळ केला.

मावशींनी माझं नाव घेतलं नाही. बोलले दाऊदभाई. मॅनेजरचा हात धरून म्हणाले, "या बाईचा काय कसूर? मळलेलं दिसलं, पुसलं. तो तिचा धंदा. गलती माझी आहे. मी पाटी लावली होती असं मला वाटतं, पण बघा, पाटी नाही. विसरलोच असणार. म्हातारा झालो." आणि तिला कामावर ठेवीन असा शब्द मॅनेजरकडून घेतल्याशिवाय त्यांनी तो हात सोडला नाही. पाटी माझ्या खिशात होती. बसताना टोचत होती.

परीक्षक आले, हातातल्या टॉर्चने एकेक प्रवेशिका न्याहाळत गेले. दाऊदभाईंच्या गुणपत्रिकेवर शेरा होता: "बांधणी उत्कृष्ट. परंतु घरात कोणी राहत असल्यासारखं वाटत नाही." दाऊदभाईंनी तो दोनदा वाचला. "हुशार माणूस आहे," म्हणाले. घर पुन्हा चादरीत गुंडाळलं आणि गेले. प्रमुख पाहुणे आलेच नाहीत.

आठ महिने गेले. परवा मंडळाची बैठक झाली. यंदाचा सरचिटणीस कोण, असा विषय निघाला आणि मी काही बोलायच्या आत दाऊदभाई म्हणाले, "हेच! यांच्याएवढा जिम्मेदार माणूस दुसरा दाखवा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी आलो तर जेवण जाईना. मेधाने विचारलं, "पित्त झालंय का?" मी म्हटलं, नाही, टाळ्या झाल्यात. मग तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मावशींकडे आधी जा."

सकाळी हॉलवर गेलो. मावशी पायऱ्या धूत होत्या. वाटेत पाठ केलेलं सगळं एका दमात म्हणून दाखवलं. गुन्हा माझा होता, मीच पुसायला सांगितलं होतं, मी भित्रा आहे, वगैरे. मावशी झाडू टेकून ऐकत राहिल्या.

"मना काय नवीन सांगताव, सायेब? मी तितंच होते ना."

मी बिल्ला सरळ करायला हात नेला, पण बिल्ला नव्हता.

"त्या चाचांना सांगा," त्या म्हणाल्या. "घर त्यांचा पुसला. आनी सरका जरा, पाय भिजतील."

दाऊदभाईंकडे गेलो. दार जुबेदाभाभींनी उघडलं. पुढच्या खोलीत दाऊदभाई जमिनीवर बसले होते आणि समोर ते घर. शेजारी ब्रश, बाटल्या, पेन्सिल. मी उभ्याउभ्याच सांगितलं. पुठ्ठ्याची पाटी खिशातून काढून समोर ठेवली. आठ महिने ती मी का सांभाळली, मला माहीत नाही.

दाऊदभाईंनी पाटी वाचली. बराच वेळ वाचली, पाचच शब्द असून.

"म्हणजे मी लावली होती."

"लावली होती."

"मी जुबेदाला सांगितलं, मला विसरायला होतंय. डॉक्टरकडे जाऊन आलो आम्ही." त्यांनी पुठ्ठा ब्रशशेजारी ठेवला. "मावशीला सांगितलंत?"

"हो. म्हणाल्या, मना काय नवीन सांगताव, मी तितंच होते."

दाऊदभाई हसले. मोठ्याने नाही, पण हसले. मग हसणं गेलं आणि म्हणाले, "बसा. तुमच्यावर गुस्सा करायचा आहे, पण आता हात कामात आहे."

मी बसलो. भाभींनी चहा आणला. एवढा वेळ त्यांचं काय चाललंय ते मी बघितलंच नव्हतं. घरातल्या टेलिफोनशेजारची भिंत अजून पांढरी होती. बाकी सगळीकडे पुन्हा वापर दिसायला लागला होता. पायाने झिजलेला उंबरा, शिवणयंत्राखालचे तेलाचे थेंब, दारामागे कोणा पोराची उंची मोजल्याच्या रेघा.

"हे आमचंच घर," भाभी म्हणाल्या. "ही इमारत व्हायच्या आधीचं."

"मी ते असं कधी बघितलं नाही," दाऊदभाई म्हणाले. "दोन वर्षांनी एकदा यायचो. चाळीस दिवस. येणार म्हटलं की ही भिंतींना चुना काढायची. चादरी नव्या, पोरांचे कपडे नवे, कपबश्या नव्या. दर वेळी मी नव्या घरात यायचो. पाहुणा असल्यासारखा. पोरांच्या उंचीच्या रेघा होत्या, हेसुद्धा मला आत्ता कळलं, हे बनवताना. विचारून विचारून लिहून घेतलं सगळं."

"चुना नको काढू? तुम्ही येणार आणि भिंती तशा?" भाभी म्हणाल्या.

"हा एक डाग मात्र बराबर बसत नाही," दाऊदभाई मला म्हणाले. "फोनजवळचा. हिच्या डोक्याच्या तेलाचा. जुम्म्याला माझा फोन यायचा ना, तेव्हा भिंतीला डोकं टेकून बसायची. गेल्या वेळी जमला होता, माशाल्ला. आता मी म्हणतो एवढ्यावर, ही म्हणते खाली."

"खालीच होता. मी काय खुर्चीवर बसायची? खाली बसायची."

"मग दाखव ना एकदा. माप घेतो."

"यांच्यासमोर?"

मी कपात बघायला लागलो. भाभी पदर सावरून भिंतीशी जमिनीवर बसल्या, गुडघे जवळ घेतले, डोकं बाजूला भिंतीला टेकलं आणि रिकामा हात कानाशी नेला. डोळे मिटले गेले, आपोआप.

दाऊदभाई पेन्सिल घेऊन जवळ सरकले. खूण काही केली नाही.

"काय बोलायचो गं मी?"

"काय बोलायचात? सगळे ठीक आहेत ना, पैसे पोचले ना. मग लाइन जायची."

"मग उठायचीस?"

"लगेच नाही."

माझा चहा संपला होता. चमचा वाजणार नाही अशा बेताने मी कप खाली ठेवला आणि चपला शोधायला लागलो.

"झालं का माप?" भाभींनी डोळे न उघडता विचारलं. "उठू मी?"

"थोडी बस," दाऊदभाई म्हणाले.

मी दार हळूच ओढून घेतलं.