कुरो गेला, पुढच्या घरी सांगा

दुपारचे बरोबर चार वाजून सतरा मिनिटं झाली होती. वेळ इतकी नक्की सांगता येते, कारण कुठलंही काम करण्याआधी घड्याळ बघायची मिझुहोला खोडच होती. (उद्या काही बरंवाईट झालं तर डॉक्टरांना वेळ सांगता यायला नको का?) काम मात्र अगदी साधं होतं. कुरोची काचेची बरणी धुवायची होती.

कुरो म्हणजे आपला काळू. जेमतेम उडदाच्या दाण्याएवढा, काळाकुळकुळीत पाणकिडा. दुसरीच्या वर्गानं शाळेमागच्या भातखाचरातून त्याला धरून आणलं होतं आणि ओरिहारा बाईंनी त्याच्या पाठीवर रंगाचा पांढरा ठिपका लावला होता. वर्गात मुलं अकरा, आणि अकरांचा लाडका हा एक किडा. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुरोला कोणी सांभाळायचं यावरून दोन दिवस भांडणं झाली, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून मिझुहोच्या मुलीचं, सुमिरेचं, नाव घेतलं.

ही काही लहान गोष्ट नव्हती. एप्रिलमध्ये ओसाका सोडून ही मंडळी सासायामाला, नोबुहिकोच्या गावी, राहायला आली तेव्हापासून पोरगी वर्गात तोंड उघडत नव्हती. मधल्या सुट्टीत एकटीच खिडकीशी उभी असते, असं बाईंनी मिझुहोला सांगितलं होतं. आणि अशा मुलीला आख्ख्या वर्गानं विश्वासानं किडा दिला! बरणी छातीशी धरून सुमिरे धावत घरी आली होती. "आई, सगळ्यांनी माझं नाव घेतलं," एवढंच म्हणाली, पण ते तिनं चार वेळा सांगितलं.

उद्या सुट्टीतला हजेरीचा दिवस होता. सगळा वर्ग कुरोला बघणार होता. म्हणून बरणी लख्ख हवी.

आता बरणी धुवेपर्यंत कुरोला ठेवायचं कुठं? वाटीत ठेवला तर पाणी तापेल. पेल्यात ठेवला तर कुणीतरी पिऊन टाकेल. मिझुहोनं खूप विचार केला (तिचे सगळे घोटाळे खूप विचार केल्यावरच होत) आणि दोन मिनिटांसाठी त्याला मागच्या ओसरीवरच्या मोठ्या टबात सोडलं. तिथं सावली होती, शेवाळ होतं, गार पाणी होतं.

आणि बेडूक होता.

बेडूकही सुमिरेचाच. त्याचं नाव शाचो, म्हणजे कंपनीचे मोठे साहेब. हे नाव नोबुहिकोनं ठेवलं होतं. तसंच पोट, तसेच बटबटीत डोळे, असं तो म्हणायचा. शाचोला रोज चिमट्यानं माशी भरवावी लागे. इतकं आयतं खाणारा प्राणी स्वतः जागचा हलून काही खाईल हे मिझुहोच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

गपकन!

एवढाच आवाज झाला. चार अठराला टबात नुसता बेडूक होता, आणि तो डोळे मिटून आवंढा गिळत होता.

मिझुहोनं बेडकाला उचललं, उलटा धरला, पाठीवर थोपटलं, "थुंक रे बाबा, थुंक," म्हणून विनवलं. शाचोनं थुंकायचं सोडून तिच्या हातावर भलतंच काही केलं. तिनं त्याला परत टबात सोडलं आणि नवऱ्याला फोन लावला.

नोबुहिको ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात कामाला. हात ग्रीसनं माखलेले, म्हणून फोन बाकड्यावर मोठ्या आवाजात लावलेला.

"अहो, घात झाला! शाचोनं खाल्लं हो!"

"काय? अगं हळू बोल."

"हळू कशी बोलू? त्या जाड्या, मख्ख, आयतोबानं एका घासात गिळलं! आणि आता डोळे मिटून बसलाय, मेल्याला काही शरम?"

पलीकडे कुणीतरी खाकरलं. ते खाकरणं नवऱ्याचं नव्हतं.

"मिझुहो," नोबुहिको अगदी बारीक आवाजात म्हणाला, "शाचो इथं माझ्या शेजारी उभे आहेत." आणि फोन बंद झाला.

तेवढ्यात मागच्या दारानं तिची सासू फुमिए टोपलीभर काकड्या घेऊन आली. शेजारच्याच घरात राहायची, आणि दार वाजवायची पद्धत तिला मान्य नव्हती. सगळं ऐकून घेऊन तिनं एक काकडी पुसली आणि कडाकडा खायला लागली.

"बेडूक आहे, गिळणारच. तू काय त्याच्याकडून पोथी वाचून घेणार होतीस? खाचरात असले शंभर असतील, आण एक."

"पण आई, पांढरा ठिपका?"

"मग लाव ठिपका."

"माझ्या तोंडावर दिसेल हो सगळं!"

"ते मात्र खरं," फुमिए म्हणाली. "तुझं तोंड म्हणजे गावची सूचनांची पाटी."

मिझुहोच्या डोळ्यांसमोर उद्याचा वर्ग उभा राहिला. दहा पोरं, रिकामी बरणी, आणि परत ती खिडकी. नाही! पोरांना शाळेत धक्का बसण्यापेक्षा आजच घरोघरी आयांनी समजावलेलं बरं. चूक आपली, तर माफीही आपणच आधी मागायची. फुमिए "अगं थांब" म्हणेपर्यंत तिनं वर्गाच्या फोनसाखळीचा कागद काढला.

ही साखळी गावानं अजून जपून ठेवली होती. अकरा घरं, गोल. आपण आपल्या पुढच्या घरी निरोप द्यायचा, त्यांनी त्यांच्या पुढच्या. फिरत फिरत निरोप पहिल्या घरी परत आला की समजायचं, सगळ्यांना कळलं. एकदा सुटलेला निरोप मात्र मागं घेता येत नसे.

"कुसाकाबेसान, माफ करा हं, ऐन कामाच्या वेळी त्रास देतेय. तोंड दाखवायला जागा नाही मला. माफ करा. माझ्याच हलगर्जीपणामुळे... चार अठराला... गेला हो! एका क्षणात गेला! सगळी चूक माझी. वर्गातल्या सगळ्या घरांची माफी मागते. माफ करा. पुढच्या घरी सांगा."

फोन ठेवून तिनं डोळे पुसले. सासूची काकडी तोंडाशीच थांबली होती.

"माफी चार वेळा मागितलीस," फुमिए म्हणाली. "कोण गेला ते एकदा तरी सांगितलंस का?"

मिझुहोनं आठवून बघितलं. नव्हतं सांगितलं. परत फोन लावला तर कुसाकाबेंचा फोन लागेना. साखळी चालू झाली होती.

सव्वापाचला सुमिरे पोहून आली. मिझुहोनं तिला टबाशी बसवून सगळं खरं सांगितलं. पोरगी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. सुट्टीतल्या अभ्यासाची वही घेऊन ती शाचोसमोर उकिडवी बसली आणि त्याच्याकडे एकटक बघत राहिली. आईकडे पाठ.

साडेपाचला नोबुहिको आला. "शाचोंनी घरी पाठवलं," म्हणाला. "एक शब्द बोलले नाहीत. नुसता पोटावरून हात फिरवला." एवढ्यात फोन वाजला आणि तो त्यानंच उचलला. पलीकडे साखळीतल्या शेवटच्या घरचे हिरागा आजोबा होते. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते सगळ्यांसाठी मोठ्यानं बोलायचे.

"फार वाईट बातमी! नोबुहिको गेल्याचं कळलं! एवढा तरणाताठा माणूस!"

"कोण गेलं?"

"नोबुहिको! चार अठराला! आणि बायकोनं सगळं कबूल केलंय म्हणे! आपण कोण, पोलीस का?"

"मी नोबुहिको बोलतोय, आजोबा."

पलीकडे काहीतरी धाडकन पडलं, आणि फोन बंद झाला.

नोबुहिको वळून बायकोकडे बघत राहिला. "तू नेमकं काय कबूल केलंयस?" असं त्यानं विचारलं, आणि मिझुहोला वाटलं, आता धरणी दुभंगावी, नाहीतर निदान ओसरीची एखादी फळी तरी.

"आई." सुमिरे हाक मारत होती. आवाज विचित्र होता. "आई, शाचोच्या मागून कुणीतरी बाहेर येतंय."

सगळे धावले. शाचो मागचे पाय फाकवून, फार अवघड चेहरा करून बसला होता. त्याच्या बुडाशी एक काळं, चकचकीत टोक दिसत होतं. टोक हललं. मग डोकं आलं. मग दोन पाय आले, त्यांनी पाणी चाचपलं. मग पांढरा ठिपका आला! आणि कुरो, अंगाला जे काही चिकटलं होतं ते झटकत, तडक शेवाळाकडे पोहत गेला, जणू बोगद्यातून सायकल बाहेर काढावी.

पाच सेहेचाळीस. (यावेळीही मिझुहोनं घड्याळ पाहिलं होतं.)

फुमिएची दातखिळी बसली, आणि हे त्या घरात प्रथमच घडत होतं. "साठ वर्षं भातात पाय बुडवून उभी आहे मी," शेवटी ती पुटपुटली, "पण आत गेलेला कुणी त्या दारानं चालत बाहेर आलेला पाहिला नाही."

नोबुहिकोनं फोनवर शोधलं आणि त्याचाही आ वासला. "अगं, हे खरंच असतं! कोबेच्या एका संशोधकानं काही वर्षांपूर्वी शोधून काढलंय. हाच किडा. बेडकानं गिळला की पोटातून पाय मारत मारत जातो आणि मागून बाहेर पडतो. दहातले नऊ जिवंत! एक तर म्हणे सहा मिनिटांत बाहेर!"

"आणि त्या माणसाला दुसरं काम नव्हतं?" फुमिएची वाचा परत आली. "बेडकाच्या ढुंगणाकडे बघत बसला?"

"मीपण तेच बघत बसले होते, आजी," सुमिरे म्हणाली आणि हसली. खदखदून, पोट धरून हसली. मिझुहोचा जीव भांड्यात पडला.

तिनं लगेच कुसाकाबेंना फोन लावला. आता लागला. या वेळी माफी फक्त दोनदा मागितली आणि बाकी सगळं स्पष्ट सांगितलं: नवरा जिवंत आहे, किडाही जिवंत आहे, गिळलं होतं, पाच सेहेचाळीसला मागून बाहेर आला, काळजी नसावी, पुढच्या घरी सांगा.

निरोप अर्धा फिरला नसेल तोच अंगणात सायकली येऊन पडायला लागल्या. साडेसहापर्यंत वर्गातली दहाच्या दहा पोरं ओसरीवर होती. दारात चपलांचा ढीग, टबाभोवती डोक्यांचा. आणि मध्ये सुमिरे, वही उघडून, मोठ्यानं सांगत होती. "आधी डोकं आलं! नाही, उलटं नाही, डोकंच आधी! ए, ढकलू नका, शाचोला लाज वाटते!" पोरं पुन्हा पुन्हा विचारत होती आणि ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मिझुहो बार्लीचा गार चहा घेऊन दारातच उभी राहिली. चार महिन्यांत ऐकले नसतील इतके शब्द ती पाच मिनिटांत ऐकत होती.

फोन वाजला. निरोप फिरून परत आला होता. तिनं हसत हसत उचलला.

"मिझुहोसान!" हिरागा आजोबा गरजले. फोन कानापासून लांब धरला तरी ओसरीवर ऐकू जात होतं. "कळलं बरं का! नवरा सुखरूप आहे, छान झालं! पण तुम्ही तो किडा गिळलात कशाला?"

ओसरीवरची सगळी डोकी तिच्याकडे वळली.

"आणि जिवंत बाहेर आला म्हणे! मागून! पाच सेहेचाळीसला! आता कसं वाटतंय? आमची ही म्हणते, आज पेज प्या, तिखट खाऊ नका! ओरिहारा बाईसुद्धा विचारत होत्या!"

ओसरीवर दहा पोरं आणि एक पोरगी जमिनीवर लोळत होती. नवरा भिंतीकडे तोंड करून थरथरत होता. सासूनं टोपलीतून एक काकडी निवडून, पुसून, प्रेमानं सुनेपुढे धरली होती. पचायला हलकी.

मिझुहोनं डोळे मिटले आणि एक आवंढा गिळला. अगदी शाचोसारखा.

"आजोबा, माफ करा," ती म्हणाली. "मी नाही हो, बेडूक! बेडकानं गिळला! कृपा करून पुढच्या घरी सांगा."

पुढचं घर तिचंच होतं.