दोसूच्या घराची पाहणी

"काही म्हणजे काही करू नका," दोसूनं घरमालकिणीला छातीवर हात ठेवून सांगितलं, आणि तिथंच त्याचं चुकलं.

बिल्मा गावात असं फक्त चांगल्या घरची माणसं म्हणतात, आणि जो म्हणतो त्याच्यासाठी सगळं करायचं असतं. दोन वर्षं राहून दोसूला एवढं कळायला हवं होतं. पण तो पडला कोतोनूचा, समुद्रकाठचा माणूस. विहिरी खणणाऱ्या एका परदेशी संस्थेनं त्याला या वाळवंटात आणून टाकलं होतं. आणि त्या दिवशी त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. कोतोनूत त्याच्या बायकोला, आफीला, आठवा महिना लागला होता.

संस्थेचा नियम सरळ होता. नेमणुकीची जागा 'खडतर' असेल तर दर दोन महिन्यांनी आठ दिवस रजा आणि संस्थेच्या विमानात जागा. 'साधारण' असेल तर वर्ष भरल्यावर एकदा. ट्रकनं जायचं म्हटलं तर नुसती वाळू ओलांडायलाच चार दिवस, तेही ट्रकच्या मनात असेल तर. बिल्मा आजवर खडतर होतं. पण राजधानीत, नियामेच्या कचेरीत कोणाला तरी शंका आली आणि तिथल्या अधिकारी मादाम देल्फीन पाहणीला निघाल्या.

खरं तर काळजीचं कारण नव्हतं. खडतरपणात कुठंच खोट नव्हती. घराच्या भिंती खारट मातीच्या, त्यात लोखंडाची वस्तू वर्षभर टिकत नसे. कुलूप हातात भुगा होऊन येई. पाणी मचूळ, वीज नाही, चप्पल झटकल्याशिवाय घालायची सोय नाही, आणि फोन लावायचा तर टेकडी चढायची. दोसूला फक्त दार उघडून बाजूला उभं राहायचं होतं.

"कोण येणार म्हणालास?" घरमालकीण यागानानं विचारलं. हज करून आल्यापासून सगळे तिला हाज्या म्हणत.

"मोठ्या कचेरीतली बाई. मी कसा राहतो ते बघायला."

"म्हणजे आम्ही तुला कसं ठेवलंय ते बघायला."

"तसं नाही हो, हाज्या. घर जितकं वाईट दिसेल तितकं माझं भलं."

यागाना हसली. इतका विनयशील भाडेकरू तिनं आयुष्यात पाहिला नव्हता. "बरं बाबा, नाही करत काही," ती म्हणाली आणि पदर खोचून शेजारी गेली.

दुसऱ्या दिवशी दोसू मादामना धावपट्टीवरून घेऊन आला तेव्हा स्वतःचं घर त्याला ओळखू येईना. भिंती ताज्या पांढऱ्या मातीनं सारवलेल्या. जमिनीवर गालिचा. त्यावर लिबियातून आलेला पलंग, पलंगाच्या बाजूला फ्रीज, फ्रीजच्या वर पंखा. गल्लीत व्यापारी बुकारचा जनरेटर धडधडत होता. अंगणात चाळीस माणसं नवे कपडे घालून बसली होती, आणि दवाखान्यातला नर्स पांढरा कोट घालून त्यांच्या मधोमध.

मादामनी कागद काढला. "पाणी?"

यागानानं बाटलीबंद पाण्याचं खोकं पुढं सरकवलं.

"फोन लागतो का?"

"टेकडीवर जावं लागतं," दोसू घाईनं म्हणाला.

"कशाला टेकडी?" बुकारनं खिशातून उपग्रहाचा फोन काढला. "बोला ना, मादाम. घरी बोला. संकोच नको." मादाम घरी बोलल्या.

"ताजं अन्न?" खजुराच्या बागेतलं हिरवंगार सॅलड आलं, मागून अख्खा भाजलेला बोकड.

दोसूचा धीर सुटला. "मादाम, हे सगळं उसनं आणलंय. माझं यातलं काहीच नाही."

"सगळ्या ठिकाणचे लोक मला असंच सांगतात," मादाम थंडपणे म्हणाल्या. शेवटचा रकाना होता एकाकीपणाचा. त्यांनी अंगणातल्या चाळीस माणसांकडे पाहिलं आणि काही न विचारताच 'नाही'वर खूण केली.

विमान उडालं तशी माणसं सामान न्यायला आली. पलंग गेला, गालिचा गेला. पंधरा दिवसांनी पत्र आलं: जागा साधारण, कुटुंबासह राहण्यास योग्य, रजा वर्षाअखेर.

पत्र हातात घेऊन दोसू यागानाच्या दारात उभा राहिला आणि गेल्या दोन वर्षांत बोलला नव्हता ते सगळं बोलला, आफीच्या दिवसांबद्दलसुद्धा. हे गाव माणसांनी राहायच्या लायकीचं नाही, असंही बोलला. यागानानं त्यातलं एकच उचललं.

"बायको बाळंत व्हायची आहे हे सांगितलं का नाहीस?"

"आमच्याकडे मूल हातात येईपर्यंत त्याबद्दल बोलत नाहीत."

"म्हणजे तुझं ते 'नको' खरं होतं?"

"खरं होतं."

तिनं त्याला ओट्यावर बसवलं. मग म्हणाली, "नोकरी सोड आणि जा."

"बाळंतपणाचे पैसे नोकरीच देतेय, हाज्या."

संध्याकाळी तिनं बुकारला वही घेऊन बोलावलं, पाहणीच्या दिवशीची चाळीस माणसंही जमली. आपल्या गावाची निंदा करणारा अर्ज लिहायचा, ही कल्पनाच त्या माणसांना झेपेना. पहिलं वाक्य सुचायला दोन वेळा चहा झाला. पण एकदा सुरुवात झाल्यावर थांबेचना. पाणी मचूळ आहे, लिही. पोरांची पोटं बिघडतात, लिही. नर्स आहे, पण त्याच्याकडे विंचवाचं औषध नाही, माझी थोरली त्यात गेली, तेही लिही. यागाना हे शेवटचं बाजारभाव सांगावा तसं बोलून गेली. दोन वर्षं शेजारी राहून दोसूला ते माहीत नव्हतं. लायकीबद्दल आपण काय बोललो ते आठवून त्याला तोंड कुठं लपवावं ते कळेना. अर्जाखाली चाळीस अंगठे उमटले.

उत्तर यायला दीड महिना लागला. तोवर कोतोनूत मुलगी झाली होती आणि बारा दिवसांची होती. यागानाच्या ओट्यावर दोसूनं पत्र वाचून दाखवलं. रहिवाशांच्या अडचणींची नोंद घेण्यात आली आहे, मात्र पाहणीत फक्त कर्मचाऱ्याच्या अडचणी विचारात घेतल्या जातात.

"म्हणजे काय?" यागानानं विचारलं.

"म्हणजे त्रास माझाच मोजतात. तुमचा नाही."

"आणि तुझा?"

"मला त्रास नाही, असं ठरलंय."

यागानानं हिशोब लावून पाहिला. "मग या गावात त्रास आहे तरी कोणाला?"

दोसूनं पत्राची घडी घातली. खाली मुलीच्या जन्माबद्दल मादाम देल्फीन यांनी स्वहस्ते अभिनंदन केलं होतं. ती ओळ त्यानं वाचून दाखवली नाही.