शेषरावकाकांचं नाक

आमच्या कॉलनीत कोणाकडे मूल जन्माला आलं, की बायका झबली-टोपडी घेऊन जातात, पुरुष पेढ्यांची चौकशी करतात आणि शेषरावकाका लंगोट मागतात. वापरलेला.

गंमत नाही सांगत. माझ्या पुतणीला मुलगा झाला, तेव्हा काका सकाळीच दारात हजर. बाळ कोणावर गेलंय, वजन किती, काही नाही. "आजचा धुतला तं नाई ना?" एवढंच विचारलं. पुतणीनं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. शेवटी लंगोट बाहेर आला. काकांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, डोळे मिटले आणि कौंडण्यपूरच्या जत्रेत अत्तराचा फाया हुंगावा तसा लांब श्वास घेतला. बारावीचा निकालसुद्धा आम्ही इतक्या धाकात ऐकला नव्हता.

"एक नंबर," काका म्हणाले. "पिवळाजरद. ताकावाणी आंबूस वास. जमीन जोरदार हाय." आणि चहा न घेता निघून गेले.

दोष त्यांचा नाही, नोकरीचा आहे. अकोल्याला माती तपासायच्या प्रयोगशाळेत त्यांनी पस्तीस वर्षं काढली. शेतकरी पिशवीतून माती आणायचा आणि यंत्र सुरू व्हायच्या आत काका चिमूटभर माती नाकाशी नेऊन निकाल सांगायचे. निवृत्त होऊन अमरावतीला आले, तर इथे हुंगायला माती उरलेली नव्हती. जिकडे तिकडे पेव्हर ब्लॉक. मग कुठल्याशा मासिकात तान्ह्या बाळाच्या आतड्यातल्या जंतूंवरचा एक लेख त्यांच्या हाती लागला आणि नाकाला पुन्हा काम मिळालं.

तेव्हापासून एकच कीर्तन. "आईच्या दुधात एक साखर असते बापू, लेकराले पचतच नाई. मंग कायले टाकली असंन? ते पाहुण्यायचं ताट हाय! पोटातले चांगले जंतू ते खातात, आन् सारं आंबट करून ठेवतात. मंग वाईटायले तिथं बूड टेकाले जागा भेटत नाई."

आणि डब्याचं दूध? "त्यात लेकराचं जेवण हाय, पाहुणे उपाशी. मंग भलतेच येऊन बसतात, आन् वास मारते."

हे ते ऑटोत सांगत, भाजीबाजारात सांगत, आणि एकदा तेरवीच्या पंगतीत वरण वाढलं जात असताना सांगितलं. शेजारचे दोघं पानावरून उठले. काकू म्हणायच्या, "जलमभर माती हुंगली, आता हे. लोक वर चढतात, हे खाली चालले."

मग काकांना स्वतःलाच नात झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, बाळापूरला व्हायचं. पण विहीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, म्हणून सून वैशाली इथेच राहिली. काकांचा आनंद काय वर्णावा, घरचीच प्रयोगशाळा! रोज सकाळी फाटकाशी उभं राहून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला निकाल सांगायचे. दूधवाल्यालासुद्धा.

दहाएक दिवसांनी निकाल यायचे थांबले.

वैशालीला दूध पुरत नव्हतं. मेथीचे लाडू झाले, डिंकाचे झाले, शतावरी झाली. बाळाचं वजन वाढायच्या ऐवजी उतरलं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, अंगावर पाजत राहा, पण वरून डब्याचं सुरू करा, आजच. डबा आला आणि फळीवर तसाच राहिला. वैशाली त्याला हात लावेना. बाळ रडायचं, ती रडायची. काकू मला बोलवायला आल्या. "बापू, तुमी तरी सांगून पाहा. मायं ते ऐकून नाई राहिली."

मी गेलो, तर काका खोलीबाहेरच उभे. त्यांची आत जायची हिंमत होत नव्हती. मला पाहून कसेबसे शिरले. वैशाली मान वर न करता म्हणाली, "बाबा, तुम्हीच तर सांगता सगळ्यांना. पाहुणे उपाशी राहतात."

अख्ख्या गावाला ऐकवून झालेल्या काकांनी फळीवरचा डबा काढला, मांडीवर घेतला आणि गुन्हा कबूल करावा तशा आवाजात म्हणाले, "पोरी, मी सोता बकरीच्या दुधावर वाढेल माणूस हाय."

काकांची आई लहानपणीच गेली, हे काकूंना माहीत होतं. बकरी माहीत नव्हती. आई गेली तेव्हा काका पाच दिवसांचे होते, आणि भातकुलीजवळच्या त्यांच्या गावात शेजारणीच्या बकरीनं त्यांना जगवलं.

"मले ते ताट कोणीच वाढलं नाई," काका म्हणाले. "तरी पाहुणे आले. मी भाकर खाल्ली, माती खाल्ली, ते उशिरा आले, पण आले. तुयं जेवढं हाय तेवढं देत जाय, वरून हे. कपाशीत तूर लावतोच ना आपण?"

पाणी काकांनीच उकळलं. डब्यावरची बारीक अक्षरं भिंगानं वाचून पावडर मोजली. बाळ प्यालं आणि किती दिवसांनी गाढ झोपलं.

चारेक दिवसांनी सकाळी मी त्यांच्या ओट्यावर चहा पीत होतो. वैशाली दारात आली. हातात लंगोट. तिनं तो काकांपुढे धरला. माझं नाक साधं, बिनपगारी. तरी मी कप घेऊन दोन हात मागे सरकलो. रंग तपकिरी, आणि वास काकांच्या कीर्तनात डब्याच्या दुधाचा असायचा तोच. तिलाही नाक होतं. पण तिला काकांचं हवं होतं.

काकांनी लंगोट उजेडात धरला. डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

"एक नंबर," म्हणाले.

वैशालीचे खांदे सैल झाले. बाळ उठलं होतं, ती आत गेली.

काकू लंगोट घ्यायला आल्या, तो काकांनी दिला नाही. मागच्या नळावर उकिडवे बसून स्वतः धुतला, दोनदा साबण लावून. पिळला, झटकला, एकदा नाकाशी नेऊन खात्री केली, आणि मगच दोरीवर टाकला.