चकलीला मत नसतं

पहिल्याच भेटीत मोहोळकर काकांनी मला ‘टॉस-अप’ म्हटलं.

मी जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या या बिल्डिंगमध्ये राहायला आले तो दिवस. चौथा मजला, लिफ्ट नाही, हातात तेवीस किलोची बॅग. दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचले आणि कठड्याला टेकून धापा टाकत उभी राहिले. वरून एक सत्तरीचे गृहस्थ उतरत होते. हाफ स्वेटर, कानटोपी, पायांत मोजे आणि कोल्हापुरी चप्पल. त्यांनी आधी बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शुद्ध मराठीत म्हणाले, “टॉस-अप.”

“काय?”

“म्हणजे पोचशील किंवा नाही पोचणार. पन्नास-पन्नास. मी एक बाजू धरली तर लीन येस.” आणि त्यांनी धरलीही.

त्यानंतर तीन वर्षं मी काकांच्या डोक्यावर राहतेय. अक्षरशः, कारण ते तिसऱ्या मजल्यावर राहतात. गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये तीस वर्षं डोकं घालून ते निवृत्त झाले. काकू मी येण्याच्या वर्षभर आधी गेल्या. काकांना उरला एकच छंद, तो म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या निवडणुका. राष्ट्राध्यक्षाच्या नव्हेत, त्या काय, कोणीही बघतं. काका बघतात ते तिथल्या खालच्या सभागृहाचे, म्हणजे हाऊसचे, चारशे पस्तीस मतदारसंघ. एकेकाची कुंडली त्यांना पाठ. कुठल्या मतदारसंघात मक्याचं पीक जास्त, कुठे कारखाना बंद पडला, कुठला उमेदवार बोलतो फार आणि दारोदार फिरत नाही. स्वतः मात्र अमेरिकेत एकदाही गेलेले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, “कशाला? मतमोजणी इथूनही दिसते.”

इंटरनेटवर अशा हौशी लोकांचा एक अड्डा आहे. तिथे काका ‘तिसरा मजला’ या नावाने इंग्रजीत लिहितात. हा माणूस ओहायोत असेल की टेक्ससमध्ये, यावर तिथे पैजा लागतात. जर्मनीत बसून मोज्यांवर चप्पल घालून कोणी हे लिहीत असेल, अशी शंका कोणालाच नाही.

काकांची भाषाही त्या अड्ड्यावरचीच. जगातली प्रत्येक गोष्ट ‘सेफ’, ‘लाइकली’, ‘लीन’ नाहीतर ‘टॉस-अप’, म्हणजे पक्की, बहुतेक, जराशी झुकलेली नाहीतर पन्नास-पन्नास. सकाळची ट्राम लीन लेट. माझी पीएचडी पहिली दोन वर्षं टॉस-अप होती, मग प्राध्यापकांनी एकदा माझं कौतुक केलं तशी लाइकली झाली. मी केलेला उपमा त्यांनी खाल्ला, विचार केला, आणि म्हणाले, “लीन चांगला. मिठाचा भाग अजून मोजायचा आहे.”

आणि एक वाक्य होतं त्यांचं. कोणी कुठे भाबडेपणा केला की चष्मा कपाळावर चढवून, ‘तर मग’ अशा अर्थाचा जर्मन शब्द आधी लावून म्हणायचे, “आल्झो, चकलीला मत नसतं.” अड्ड्यावरही ते हे इंग्रजीत लिहायचे. कुठला उमेदवार म्हणाला, माझ्या सभेला किती गर्दी होती, की खाली ‘तिसरा मजला’ यांचं उत्तर तयार : चकली डझ नॉट व्होट. हळूहळू तिथली सगळी अमेरिकन मंडळी ते म्हणायला लागली. चकली म्हणजे काय हे एकालाही ठाऊक नव्हतं. कोणीतरी ती जुनी रेड इंडियन म्हण असल्याचंही सांगितलं होतं. मीही अर्थ विचारला, तर काका म्हणाले, “अनुभव आहे, पुढे चल.”

त्यांची अजून एक खोड होती. निवडणूक झाली की जिंकलेल्यांकडे ते ढुंकून बघत नसत. थोडक्यात हरलेल्यांची यादी काढत. शंभर मतांनी, चाळीस मतांनी हरलेले. त्यांच्या कार्यकर्त्यांना शोधून एकेकाला लिहीत, ‘तुम्ही चांगलं लढलात. मोजणीत कुठे चुकलं ते शांतपणे बघा. स्वतःला दोष देऊ नका.’ मला वाटायचं, रिकामपणचे उद्योग. खरं सांगायचं तर मी हसायचेही.

मग माझे बाबा गेले. आई बार्शीला एकटी राहिली. मी म्हटलं, ये इकडे तीन महिने. ती सरळ नाही म्हणाली. दोन वर्षांपूर्वी दोघं आली होती, तेव्हा तिचे गुडघे दुसऱ्या मजल्यापर्यंतच साथ द्यायचे. पुढे बाबा हात धरायचे. एकदा ती जिन्याच्या पायरीवर बसली तर कोणीतरी येऊन जिना ही बसायची जागा नाही, असं नम्रपणे सांगून गेलं. नम्रपणे सांगितलेलं आईला जास्त लागतं. त्यानंतर ती महिनाभर खाली उतरली नाही.

“तुझ्याकडे येणं म्हणजे वर चढून कोंडून घेणं,” ती फोनवर म्हणाली. “त्यापेक्षा इथल्या चार भिंती बऱ्या. निदान ओट्यावर बसता येतं.”

मी फोन ठेवून जिन्यातच रडत बसले. म्हणजे नियम मीही मोडला. काकांनी दार उघडलं. मी सगळं सांगितलं. ते बाहेर येऊन कठड्याला टेकले. मग म्हणाले, “दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये खिडकीपाशी जागा आहे. भिंतीला घडीची खुर्ची बसते, लोखंडी. माणूस उठला की आपोआप मिटते. आगीच्या नियमातही अडत नाही. मी कागद वाचलेत.”

“कधी वाचलेत?”

“वाचलेत,” काका म्हणाले. “पण घरमालकांच्या सभेत ठराव लागेल. नऊ घरं, नऊ मतं. पाच हवीत.”

मी भाडेकरू, मला मत नव्हतं. काकांना होतं. “बघ केतकी,” ते म्हणाले, “भारतीय पासपोर्ट, म्हणून इथे मत नाही. तिकडच्या यादीतलं नाव कधीच उडालं. अमेरिकेत तर प्रश्नच नाही. अख्ख्या पृथ्वीवर मला मत आहे ते या जिन्यात. ते नीट वापरू.”

दुसऱ्या दिवशी त्यांच्या फ्रिजवर कागद लागला. नऊ चौकोन, रंगीत पेनांनी भरलेले. मी म्हटलं, “काका, दिवाळी जवळच आहे. सगळ्यांना फराळ देऊ या, मग विचारू.”

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी डबा उघडायच्या आधीच मिटला. “चकलीला मत नसतं. फराळ दे, आनंदाने दे. पण तो मोजायचा नाही.”

महिनाभर ते दारोदार फिरले. आणि खुर्ची द्या असं एकालाही म्हणाले नाहीत. प्रत्येकाला विचारत, जिन्यात तुम्हाला काय त्रास होतो? तळमजल्यावरच्या जोडप्याला बाबागाडी जिन्याखाली ठेवायची होती. काका म्हणाले, तुमच्या ठरावाला माझं मत. पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना सायकलींचा राग होता. काकांनी तळघरातल्या सायकली दोन रविवार खपून ओळीत लावल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या पियानोच्या बाई म्हणाल्या, खुर्ची उघडमिट करताना वाजेल. काकांनी खुर्चीच्या बिजागरीला लावायच्या रबराचा नमुनाच नेऊन दाखवला. “तिकडे याला व्हिप म्हणतात,” ते मला म्हणाले. “मतं मोजल्याशिवाय ठराव सभागृहात आणायचाच नाही.”

काकांसकट चार मतं झाली. पाचवं माझ्या घरमालकांचं. ते हानोव्हरला राहतात, सभेला कधी येत नाहीत. ते फोनवर म्हणाले, मतदानाचं अधिकारपत्र, इथल्या भाषेत फोलमाख्ट, सही करून पोस्टाने पाठवतो. बाकीचे तिघे ‘लाइकली नो’. आणि नववा चौकोन गडद लाल : फ्राऊ लिंडनर, दुसरा मजला डावीकडे. सेफ नो.

“त्यांना विचारलंत?” मी म्हटलं.

“नाही.” काकांनी पेनाचं टोपण लावलं. “त्या दारावर जायचं नाही.”

इतका गोड माणूस, आणि एका म्हाताऱ्या बाईच्या दाराची घंटा वाजवत नाही. मला नवल वाटलं. पण आवाजच असा होता की पुढे विचारलं नाही.

सभा नोव्हेंबरातल्या बुधवारी संध्याकाळी सहाला होती. आणि आदल्या मंगळवारी अमेरिकेत मध्यावधी निवडणुका. म्हणजे बुधवारी सकाळी इथे निकाल. हा काकांचा दसरा. दोन वर्षं ते या सकाळची वाट बघतात. पहाटेच अंघोळ, लॅपटॉप उघडा, बाजूला टीव्ही, थर्मासमध्ये चहा, दाराला ‘त्रास देऊ नये’ अशी जर्मन पाटी.

त्या सकाळी सात वाजता माझी घंटा वाजली. दारात काका, कानटोपी आणि ओव्हरकोटासकट.

“फोलमाख्ट आलं नाही. कालच्या पोस्टात नव्हतं, आजच्यावर भरवसा नाही. मी हानोव्हरला जाऊन सही आणतो.”

“काका, आज निकाल आहे! हाऊस कोणाकडे जातंय?”

“अजून कळलेलं नाही,” ते जिना उतरत म्हणाले. “चारशे पस्तीस आहेत, माझ्यावाचून मोजतील. आपले पाचच आहेत.”

मी खिडकीतून बघत राहिले. ते ट्राम पकडायला धावत होते. सत्तरीचा माणूस, ओल्या रस्त्यावर, मोज्यांवर कोल्हापुरी घालून. बूट घालायचेही विसरले होते. मला आयुष्यात कोणाचे पाय धरावेसे फार कमी वेळा वाटलेत. त्या सकाळी वाटले. नंतर मी तो अड्डा उघडून बघितला. तिकडे गोंधळ होता, आणि मधूनच कोणी ना कोणी विचारत होतं, ‘तिसरा मजला कुठे आहे? बरा आहे ना?’

सभा जवळच्या हॉटेलच्या मागच्या खोलीत होती. काका हानोव्हरहून सही घेऊन वेळेत परतले होते. मला भिंतीपाशी बसायला परवानगी मिळाली. व्यवस्थापकाने ठराव वाचला : दुसऱ्या व तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर घडीच्या दोन खुर्च्या.

दोन? मी काकांकडे बघितलं. आई तर एकटीच येणार होती. काका समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होते.

“कोणाला बोलायचंय?” व्यवस्थापकाने काकांकडेच पाहून विचारलं, जरा धास्तीनेच. काकांनी मान हलवली. नाही.

“मग बाजूने कोण?”

सगळ्यात आधी हात वर गेला तो फ्राऊ लिंडनर यांचा.

काकांच्या हातातलं पेन खाली पडलं. मग बाकीचे हात वर गेले. सहा विरुद्ध तीन. ठराव मंजूर होऊन बाबागाडीचा विषय निघाला तरी काका हात वर करून तसेच बसले होते. तेवढ्याने बाबागाडीही मंजूर झाली.

घरी येताना फ्राऊ लिंडनर माझ्याबरोबर चालत होत्या. काका पुढे गेले होते.

“त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही ना?” त्या म्हणाल्या. “चार वर्षांपूर्वी हाच ठराव आला होता. त्यांची पत्नी आजारी होती. दोन मजले चढले की थांबावं लागायचं. तेव्हाही दोनच खुर्च्या. ती एकटी बसायची नाही म्हणून. ते वीस मिनिटं बोलले. फार सुंदर बोलले. त्याआधी घरोघरी तो तळलेला काटेरी पदार्थ दिला होता. मी दोनदा मागून घेतला, म्हटलं, किती छान. आणि सभेत विरोधात मत दिलं. मला वाटलं, जिना जिन्यासारखा असावा. ठराव एका मताने पडला.”

त्यांनी कोटाची कॉलर वर केली.

“त्यानंतर ती खाली आली ती एकदाच,” फ्राऊ लिंडनर म्हणाल्या. “स्ट्रेचरवरून. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. रोज भेटतात, रोज गुटेन टाग म्हणतात. माझ्या पाण्याच्या बाटल्या वर आणून देतात. या वेळी वाटलं, येऊन विचारतील. महिनाभर घंटेची वाट बघितली मी. मग म्हटलं, न विचारता द्यायला काय हरकत आहे?”

तेव्हा मला ते अड्ड्यावरचं सगळं उलगडलं. चाळीस मतांनी हरलेल्या कोणा परक्या माणसाला ‘स्वतःला दोष देऊ नका’ असं काका का लिहीत होते, ते कळलं. आणि मी हसायचे.

एप्रिलमध्ये आई आली. काका स्टेशनवर हजर. या वेळी पायात बूट. जिन्यात आईची पिशवी त्यांनी घेतली, बॅग मी. दुसरा मजला ओलांडला आणि ती थांबली. खिडकीपाशी दोन राखाडी खुर्च्या भिंतीला मिटून होत्या. काकांनी रुमाल काढून दोन्ही पुसल्या.

“खिडकीकडची घ्या, ताई,” ते म्हणाले. “तिथून लिंडेनचं झाड दिसतं. ती तीच मागत होती.”

आई बसली. कोण ‘ती’, हे मी तिला फोनवर सांगितलं होतं. तिने बाजूच्या खुर्चीवर हात ठेवला. “अहो भाऊजी, तुम्हीपण टेका की. मला एकटीला बसायची सवय नाही हो अजून.”

खुर्च्या बसवून चार महिने झाले होते. डॉक्टर बसत, पियानोच्या बाई बसत, फ्राऊ लिंडनर तर रोज. काका मात्र कधी बसलेले मी पाहिले नव्हते. ते क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी हळूच दुसरी खुर्ची उघडली आणि बसले. आवाज अजिबात झाला नाही.

“काय मग भाऊजी,” जरा वेळाने आई म्हणाली, “पोचेन का मी वर?”

काकांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत होते.

“सेफ,” ते म्हणाले. “सेफ येस, ताई. सावकाश जाऊ.”

मी बॅग खाली ठेवली आणि त्यांच्या समोर पायरीवरच बसले.