ईशान्येच्या दोन नळांची हकीकत

श्री जलदेवता आणि अग्निदेवता उभयतांस नमस्कार असो, आणि लिहिणाराचे लेखणीस पाहिले तेवढेच लिहिण्याची बुद्धी होवो. शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी, भृगुवासर, दोन प्रहरी दौलतीच्या नव्या यंत्रशाळेत ईशान्य कोपऱ्यातील पाण्याचा सांधा फुटला. जीवहानी जाहली नाही. परंतु पाणी बंद करावे लागले, आणि पाणी बंद होताच दालनाची भट्टी जाहली, आणि मग दालनाच्या आराखडनीस मैनाबाई कारखानीस यांनी धावत जाऊन आपल्या हाताने वीज तोडली, तेव्हा ताप उतरू लागला. ते समयी पाहुण्यांचा काफिला वेशीवर येऊन उभा होता आणि सूर्यास्तास दालन स्वाधीन करण्याचा शब्द दिलेला होता.

यंत्रशाळा म्हणजे हल्ली लोक जीस डेटा सेंटर म्हणतात ती. परमुलखीचे सरदार आपली गणकयंत्रे घेऊन येतात, आणि दौलत त्यांस जागा, वीज आणि गारवा देते, आणि त्यावर दौलतीचा संसार चालतो. हे दालन आखले तेव्हा येणार कोण, त्याची यंत्रे वाऱ्याने निवतील की पाण्याने, कपाटे चार लागतील की चारशे, हे कोणासच ठाऊक नव्हते. मग मैनाबाईंनी युक्ती केली ती अशी की, दालन महालासारखे न बांधता छावणीच्या मैदानासारखे मोकळे ठेविले. भिंती सरकत्या केल्या, वीज छताखालून तांब्याच्या पट्ट्यांनी फिरविली की हवी तेथे उतरून घ्यावी, आणि पाण्याच्या नळास जागोजाग तोंडे काढून बुचे मारून ठेविली, की ज्यास लागेल त्याने बूच काढावे. एक नळ फुटला तर दुसरा असावा म्हणून नळही दोन आखले, एक ईशान्येचा आणि एक नैऋत्येचा. येथवर सर्व यथास्थित होते. परंतु दिवाण व्यंकटराव यांचा वास्तुशास्त्रावर मोठा भाव. त्यांनी आराखडा पाहून नैऋत्येवर बोट ठेविले आणि बोलिले, "बाई, पाणी ईशान्येचे. नैऋत्येस पाणी घ्याल तर दौलत वाहून जाईल." त्या समयी पाहुणे वाऱ्याने निवणारी हलकी यंत्रे आणतील असाच अदमास होता, म्हणून मैनाबाईंनी वाद घातला नाही, आणि दोन्ही नळ ईशान्येकडून घेतले, एकाच कोपऱ्यातून, एकमेकांस खेटून. पुढे पाहुणे ठरले ते सहापट तापणारी यंत्रे घेऊन, ज्यांचे पाणी तुटले तर तोंडातला विडा संपण्याआधी ती जळून जावीत. आणि तो कोपरा तसाच राहिला.

त्या दोन प्रहरी यंत्रांऐवजी तितकाच ताप देणाऱ्या लोखंडी शेगड्या नळांस जोडून परीक्षा चालली होती. एका नळाचा सांधा उडाला, त्याच्या धारेखाली दुसऱ्याचे पाणी सोडण्या-रोखण्याचे चक्र बुडाले, आणि एकास हात घालावयाचा तर दोन्ही बंद करणे प्राप्त जाहले. नळकामाचे मुकादम उस्मानभाई कमरेइतके भिजून बाहेर आले आणि बोलिले, "बाईसाहेब, सांधा नवा घालतो. पण हे दोन नळ म्हणजे एकाच खुंट्याचे दोन बैल. खुंटा उपटला की दोन्ही गेले." मैनाबाई कोपऱ्यातील पाण्याकडे पाहत राहिल्या, कारण खुंटा कोणी रोविला हे त्यांस ठाऊक होते.

इतकियात पाहुण्यांचे वकील हैबतराव शितोळे दालन पाहावयास आले, आणि दिवाणसाहेब त्यांच्यासोबत आले. दिवाणांनी दारातच मैनाबाईंस हळू सांगितले, "विचारतील तर दोन नळ आहेत म्हणावे. खोटे तर नाही." वकिलांनी ओल पाहिली, वास घेतला, आणि हसून बोलिले, "दिवाणजी, आमच्या यंत्रांस अभ्यंगाची सोय केलीत की काय?" दिवाण हसले. मग वकील मैनाबाईंकडे वळले आणि त्यांचे हसू गेले. "बाई, एक वाट बुजली तर दुसरी आहे ना?"

त्या दौलतीची चाल अशी की, ज्याने दालन आखले त्यानेच पहिल्या पूर्ण तापाचे वेळी आत उभे राहावे आणि मग किल्ली आपल्या हाताने पाहुण्यास द्यावी. किल्ली मैनाबाईंचे हाती होती. त्या बोलिल्या, "नळ दोन आहेत. वाट एकच आहे. दोन्ही ह्या कोपऱ्यातून येतात, आणि तसे मीच आखले." दिवाणांचे तोंड उतरले. वकिलांनी कोपऱ्यात जाऊन दोन्ही नळ पाहिले. मग बोलिले, "खरे सांगितलेत म्हणून काफिला अजून फिरवीत नाही. सूर्यास्तास शेगड्या पूर्ण पेटवा. मी एक कोपरा दाखवीन, तो बंद करावयाचा. दालन तगले तर आम्ही आत. न तगले तर पलीकडच्या दौलतीचे दार उघडे आहे." इतके बोलून ते वेशीकडे गेले.

मग दिवाण संतापले आणि बोलिले, "बाई, जीभ आवरली असती तर काय बिघडले असते?" मैनाबाई बोलिल्या, "यंत्रे जळाली असती. नैऋत्येची भिंत फोडू द्या." "भलतेच! शास्त्र सांगते, नैऋत्येस जड असावे. पाणी नव्हे." तेव्हा मैनाबाईंनी दालनाच्या मोकळ्या मैदानाकडे हात केला आणि बोलिल्या, "दिवाणसाहेब, पाहुण्यांचे एकेक कपाट दोन रेड्यांच्या वजनाचे. ह्या दालनात ते कोठेही मांडता येते, त्यासाठीच असे बांधले. सगळे जड नैऋत्येस मांडते. तुमचे शास्त्र राखले जाते. मग जडास तहान लागली तर पाणी त्याच्यामागे जाईल की नाही?" दिवाणांनी विचार केला, आणि पुनः विचार केला, आणि उस्मानभाई मध्येच बोलिले, "साहेब, लवकर सांगा. फोडायची तर फोडतो, नाहीतर चहा घेतो." दिवाण बोलिले, "फोडा. आधी नारळ फोडा, मग भिंत."

नारळ फुटला आणि भिंत फुटली. बाहेरच्या टाकीपासून जाड नळ ओढून आणिला, सांधे कसले, आणि जडाच्या जागी शेगड्या नैऋत्येस मांडल्या. ईशान्येचा सांधाही नवा घातला. परंतु नव्या वाटेने एकटीने पूर्ण ताप कधी वाहिला नव्हता, आणि तो वाहील असे उस्मानभाईंनीही म्हटले नाही. ते इतकेच बोलिले, "घट्ट आहे. पुढचे पाणी जाणे."

सूर्य टेकला तेव्हा वकील आले. शेगड्या पूर्ण पेटविल्या. मैनाबाईंनी किल्ली घेऊन आत जाऊन दार लोटून घेतले आणि दालनाचे मध्यभागी उभ्या राहिल्या. वकिलांनी काठी उचलून ईशान्य दाखविली. उस्मानभाईंनी चक्र फिरवून दोन्ही जुने नळ बंद केले. तापमापकाचा काटा चढू लागला, आणि चढत चढत तांबड्या रेघेखाली एक घर राहिले तेथे येऊन थरथरू लागला. दाराच्या काचेतून दिवाणांनी खूण केली, बाहेर या. मैनाबाईंनी मान हलविली, नाही.

एकूण हकीकत इतकीच. एका दालनास दोन नळ आणि एक वाट होती. आता वाटा दोन आहेत, आणि दुसरीची परीक्षा चालू आहे. हे लिहून होईतो सूर्य बुडाला आहे, काटा त्याच घरात थरथरतो आहे, काफिल्याच्या गाड्या वेशीवर सुरू ठेविल्या आहेत, आणि किल्ली मैनाबाईंचे मुठीत आहे.