पगारी शेजारीण

जमिनीला कुठेतरी शेवट असतो, हाच तिच्यातला मुख्य दोष होय. कोरीटच्या गिरधर पाटलांनी १९३१ च्या सुमारास तो दोष दूर करायचं मनावर घेतलं.

सुरुवात गरजेपोटीच झाली. मळ्याची वाट छगनच्या शेतातून जाई, म्हणून छगनचं शेत घेतलं. त्या शेताला पाणी पलीकडच्या विहिरीचं, म्हणून विहीर घेतली. विहिरीवर आणखी पलीकडची गुरं येत, म्हणून तिथलीही शेतं घेतली. (गुरं मात्र ज्याची त्याला परत दिली, पाटील मनाने उदार.) बांधाचे तंटे कायमचे मिटले. कागदावर चतुःसीमा लिहिताना तलाठी पूर्वेस खुद्द, पश्चिमेस खुद्द, दक्षिणेस खुद्द असं लिही. उत्तरेस तापी नदी होती. तिचा मालक अजून सापडला नव्हता.

राहता राहिल्या पाटलीणबाई, म्हणजे तापीबाई. एकदा त्यांचं विरजण बिघडलं आणि चमचाभर दही मागायला तीन कोसांत घर नव्हतं. त्या चुलीपुढे बसून रडल्या.

"माले जमीन नको," त्या म्हणाल्या. "एक शेजारीण आनून द्या."

पाटलांनी प्रश्नाचा सखोल विचार करून 'शेजारीण' हे पद निर्माण केलं. शेत गेल्यावर छगन घर मोडून परगावी मजुरीला गेला होता. त्याला बिऱ्हाडासकट परत आणून त्याची बायको रंजनाबाई हिची नेमणूक केली. (पूर्वी ती हेच काम फुकट करी.) कर्तव्यं अशी: सकाळी विरजण मागणे, दुपारी काय रांधलं ते विचारणे, आठवड्यातून एकदा भांडणे. सणासुदीला भांडणास सुट्टी.

विरजण सुरळीत चाललं. भांडण मात्र लागेना. वाळवणावरून महिनाभर अबोला धरणारी हीच बाई आता प्रत्येक गोष्टीला "हो बाई" म्हणे. तापीबाईंनी तिच्या भाजीला मुद्दाम नावं ठेवली, तर म्हणाली, "हो बाई, खारटच शे."

"तू भांडत का नही?" तापीबाई कळवळून म्हणाल्या.

"भांडाले बांध लागस, बाई. तो तर तुम्हीच लिधा."

त्या रात्री तापीबाईंनी छगनचं शेत परत द्या म्हणून नवऱ्याचे पाय धरले. पाटलांनाही वाईट वाटलं. पण शेत परत दिलं तर पूर्वेचा 'खुद्द' खोडावा लागणार होता. त्यांनी रंजनाबाईला पगारवाढ दिली.

तुम्ही हसलात, ते योग्यच आहे. आता शेजारचं घर विकायला निघालंय असं उद्या तुमच्या कानावर आलं, तर आधी काय विचाराल, का चाललात, की कितीला देता?