बारा माद्यांचं लीज

डॉ. चंद्रशेखर आगटे यांनी हरणांच्या शिकारीचं लीज घेतलं, तेव्हा त्यांनी आयुष्यात झुरळांखेरीज काहीही मारलेलं नव्हतं, आणि वॉटफर्डला राहायला आल्यापासून तेही बंद झालं होतं.

ते भूलतज्ज्ञ होते. एकाच हॉस्पिटलात चौदा वर्षं काढून झाली होती. जानेवारीत कन्सल्टंटची, म्हणजे सर्वांत वरिष्ठ डॉक्टरची, जागा रिकामी होणार होती आणि निवड समितीवर मिस्टर पेलम हे सर्जन असणार होते. पेलमसाहेबांना जगात दोनच विषय ठाऊक होते, पित्ताशय आणि हरणं. पित्ताशयाबद्दल ते ऑपरेशन चालू असताना बोलत, उरलेला सगळा वेळ हरणांचा. कॉफीरूममध्ये आगटे समोर बसून मान डोलवत. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या सप्टेंबरात एका मंगळवारी त्यांनी मान चुकीच्या जागी डोलवली.

"म्हणजे तूही शिकार करतोस, चंद्रा?" पेलम कप खाली ठेवत म्हणाले.

"हो... म्हणजे, करणार आहे. लीज शोधतोय."

चौदा वर्षांत पेलम पहिल्यांदाच खुर्ची सरकवून त्यांच्या शेजारी येऊन बसले. "कुठल्या प्रकारचं घ्यायचं ते आधी ठरव. दिवसापुरती परवानगी मिळते. सोबत एक जाणकार येतो आणि कुठल्या हरणावर गोळी झाडायची ते तोच दाखवतो. तुला तेच बरं. नाहीतर आमच्यासारखं सिंडिकेट, आठ जणांत एक रान. एकट्याच्या नावावर अख्खं रानही मिळतं म्हणा. आमच्या शेजारचंच रिकामं आहे, ग्रूम नावाच्या शेतकऱ्याचं. पण नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये."

आगट्यांनी घरी येताना शांतपणे विचार केला. दिवसाच्या परवानगीत एक माणूस आपल्याकडे बघत असणार. सिंडिकेटमध्ये सात जण बघत असणार. एकट्याच्या रानात कोणीच नाही. रविवारी जायचं, चार झाडं बघायची, सँडविच खायचं आणि सोमवारी "थोडक्यात निसटलं" म्हणून सांगायचं. नवशिक्याने घेऊ नये असं लीज त्यांच्यासाठीच केलेलं होतं.

सतरा वर्षं संसार केलेल्या बायकोला, उल्काताईंना, त्यांनी सांगितलं, "फिरायला एक रान घेतलंय."

"नुसतं फिरायला लीज लागतं?"

"इथे सगळ्याला लागतं."

ते मात्र उल्काताईंना पटलं. टीव्ही बघायलाही लायसन्स लागतं, असा हा देश.

आगट्यांनी ग्रूमच्या लँडरोव्हरच्या बॉनेटवर कागद ठेवून, न वाचता सही केली. वाचला तो त्यांच्या इथेच वाढलेल्या तेरा वर्षांच्या मुलीने, शिल्पाने, दुसऱ्या दिवशी, टोस्ट खाता खाता.

"बाबा, हा काय लिहिलाय? फेब्रुवारीच्या आधी तुम्हाला बारा मादी मारायचाय."

"काय?"

"फीमेल डिअर. मिनिमम बारा. आणि त्याच्या शेतातला गहू हरीणनी खाल्ली तर तुमची लीज कॅन्सल."

उल्काताई वरच्या मजल्यावर आंघोळीला गेल्या होत्या. आगट्यांनी कागद घडी करून खिशात घातला. लीज रद्द झालं असतं तर त्यांना सुटल्यासारखंच वाटलं असतं; पण ग्रूम आणि पेलम दर शुक्रवारी एकाच पबमध्ये एकाच टेबलावर बसत. आपण एकही हरीण मारलेलं नाही हे पेलमना शनिवारपर्यंत कळणार आणि जानेवारीत ते समोर बसणार. तेव्हा निदान बंदूक तरी असावी, म्हणून त्यांनी अर्ज केला.

अर्जावर चौकशीला पोलिसांचा माणूस घरी येतो, हे त्यांना तो दारात उभा राहिल्यावर कळलं. तो फार सभ्य होता. उल्काताईंनी त्याला चहा आणि चिवडा दिला. त्याने वही उघडली.

"डॉक्टर, रायफल कशासाठी हवी आहे?"

"कसली रायफल?" उल्काताईंनी विचारलं.

आगट्यांनी बायकोकडे पाहिलं, मग पोलिसाकडे. खोटं बोलायला दोघांपैकी एकही माणूस सोयीचा नव्हता. "हरणं मारायला," ते चिवड्याच्या बशीकडे बघत म्हणाले.

पोलिसाने ते लिहून घेतलं. रायफलीचं लोखंडी कपाट पक्क्या भिंतीत बोल्ट मारून बसवावं लागतं, म्हणून तो घरभर भिंतींवर टकटक करत फिरला. सगळ्या भिंती पोकळ निघाल्या. एकच भरीव होती, देव्हाऱ्याची.

"हे इथून हलवावं लागेल," तो अदबीने म्हणाला.

"काय हलवायचं, देव की नवरा?" उल्काताईंनी स्वच्छ इंग्रजीत विचारलं.

पोलिसाने वही मिटली. आठवड्याभरात पत्र आलं. घरातलं वातावरण शस्त्र ठेवण्यास सध्या अनुकूल नाही, असं त्यात होतं. आगट्यांच्या मते हे वर्णन अचूक होतं.

तीन दिवस उल्काताई बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी ग्रूमचा फोन आला, तो त्यांनीच घेतला. हरणांचा कळप शेतात उतरला होता आणि नुकता उगवलेला गहू खात होता. फोन ठेवून त्या नवऱ्यासमोर येऊन बसल्या.

"काय ते आता खरं सांगा."

आगट्यांनी सगळं सांगितलं, कॉफीरूमपासून.

"त्या माणसाला हरणं मेलेली हवीत की शेताबाहेर हवीत?"

"शेताबाहेर गेली तरी चालेल म्हणतो. त्याला गव्हाशी मतलब."

"मग मारायची कशाला? रविवारी मी आमचं भजनी मंडळ घेऊन येते."

"हरणं भजनाला घाबरतात?"

"अहो, ईलिंगच्या हॉलवाल्याने आम्हाला परत बोलावलं नाही. तो तर माणूस होता."

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी दोन मिनीबस भरून मंडळ रानात आलं. बावीस बायका, साड्यांवर टोपीवाले ॲनोरॅक, पायात रबरी वेलिंग्टन बूट, चार टाळ, एक ढोलकी आणि बटाटेवड्यांचे तीन डबे. मंजिरी दामल्यांनी पहिल्याच अभंगाला वरचा सूर लावला आणि झाडीतून काहीतरी तपकिरी, पुष्कळ आणि एकदम, पलीकडच्या टेकडीच्या दिशेने गेलं. त्यानंतर दर रविवारी मंडळ येत राहिलं. मोकळ्या हवेत भूक चांगली लागते, असं सगळ्यांचं मत पडलं. ग्रूमही कुंपणाशी उभा राहून वडे खायला लागला. गव्हाचं एकही पान कुरतडलेलं नव्हतं.

डिसेंबरात एकदा ऑपरेशन थिएटरमध्ये हात धुता धुता पेलम आगट्यांच्या कानाशी वाकले.

"ग्रूमने मला सांगितलं सगळं."

आगट्यांच्या हातातून साबण निसटला.

"बावीस माणसं आणि नगारे! थेट आमच्या बाजूला हाकतोस. मी तीस वर्षं या खेळात आहे, एवढा दिलदार शेजारी पाहिला नाही. या मोसमात एकोणीस मिळाली आम्हाला."

"एकोणीस?"

"आणि फेब्रुवारी यायचाय अजून."

आगट्यांनी हे घरी सांगितलं नाही. सांगायला हवं, असं त्यांना रोज वाटे. पण दर रविवारी उल्काताई एवढ्या आनंदाने डबे भरत की त्यांचा धीर होत नसे. जानेवारीत मुलाखत झाली. पेलमनी एकच प्रश्न विचारला, तोही वाऱ्याच्या दिशेबद्दल. आगटे कन्सल्टंट झाले. उल्काताईंनी शिरा केला, आणि नवरा तो नीट का खात नाही याचं त्यांना नवल वाटलं.

त्याच शनिवारी दारात एक जड पार्सल आलं. वर पेलमसाहेबांचं कार्ड होतं: 'अभिनंदन. अर्धं श्रेय तुमच्या गायकवृंदाचं.' उल्काताईंनी कागद उलगडला. आत हरणाची अख्खी मांडी होती.

त्या ओरडल्या नाहीत. कार्ड दोनदा वाचलं आणि विचारलं, "किती?"

"डिसेंबरपर्यंत एकोणीस."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो."

उल्काताईंनी मांडी पुन्हा गुंडाळली, शेजारच्या मिसेस हॉबसनना नेऊन दिली, हात धुतले आणि ग्रूमला फोन लावला. आगट्यांना स्वयंपाकघरातून फक्त "दोन्ही" आणि "मार्चपासून" एवढेच शब्द ऐकू आले. पेलमांचं सिंडिकेटवालं रानही ग्रूमचंच होतं आणि त्याचं लीज मार्चमध्ये संपत होतं. कोणी हरणं मारतं की अभंग गातं याने ग्रूमला फरक पडत नव्हता, आणि सिंडिकेटने त्याला कधी वडा खाऊ घातला नव्हता. कागद आल्यावर उल्काताईंनी एकेक कलम शिल्पाकडून मोठ्याने वाचून घेतलं, बारा माद्यांचं कलम ग्रूमला खोडायला लावलं आणि मगच सही केली. साक्षीदार म्हणून डॉ. आगट्यांची सही घेतली. त्यांना वाचायला दिलं नाही.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी पेलम कमालीचे उदास होते. पेशंट टेबलावर होता. आगट्यांनी त्याला दहापासून उलटं मोजायला सांगितलं.

"ऐकलंस, चंद्रा? आमचं रान गेलं. ग्रूम नावही सांगत नाही. तू शेजारी आहेस. नवा भाडेकरू तुझ्या ओळखीचा आहे का?"

"आहे, सर. बाई आहेत."

"बाई? बोलून बघण्यासारखी आहे का? जरा शब्द टाकशील माझ्यासाठी?"

पेशंट सातवर झोपला. आगट्यांनी त्याच्या नाडीवर बोट ठेवलं.

"सतरा वर्षं टाकतोय, सर," ते म्हणाले. "तुम्ही सुरुवात करा."